हिशेब उघडपणे ठेवावा



गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक होता होता राहिली. ती सांगते.

चिरंजीव अकरावीत. क्लासच्या नावाखाली दिवसभर संगणकापुढे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "गुपचूप एक सॉफ्टवेअर टाका. कोणते अ‍ॅप किती वेळ चालू होते, सगळे फोनवर कळेल." मला पटले.

त्याच आठवड्यात धाकट्या जाऊबाईंचा चेहरा उतरलेला दिसला. त्या घरून काम करतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर असेच सॉफ्टवेअर आहे. माउस, कीबोर्ड थोडा वेळ हलला नाही की 'काम बंद' अशी नोंद. साहेबांचा निरोप आला होता, दुपारी चाळीस मिनिटे कुठे होतात? "ताई, मी वहीवर आकडे जुळवत होते हो," एवढेच त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. असे काही मोजले जाते, हे त्यांना आधी कुणी सांगितलेही नव्हते.

मी विचारात पडले. हे सॉफ्टवेअर पाहते काय? पडद्यावर काय उघडे आहे, किती वेळ आणि हात चालतात की नाही. डोके चालते का, हे त्याला कळत नाही. आपण ४८ मिनिटे सामायिकाला बसलो, तर त्याच्या लेखी आपण रिकाम्याच! आणि लेक्चर चालू ठेवून मुलगा डुलकी घेत असला, तरी त्याचा अभ्यासच!

मोठ्यांनाही हे उमगायला वेळ लागला. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये कर्मचाऱ्यांचा वापर नावानिशी दाखवणारी सोय आणली. खूप टीका झाली, तेव्हा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यातली नावे काढण्याचे जाहीर केले.

मुलांवर लक्ष ठेवूच नये, असे मी म्हणत नाही. संगणकावर नको ते पुष्कळ आहे, आणि आईला काळजी असतेच. पण गुपचूप नको. न दिलेले घेणे म्हणजे चोरी, हे आपण पाठशाळेत शिकलो. मग सांगितल्याशिवाय घेतलेली माहिती कशात मोडते? ऑफिसांनीही काय मोजतो, कशासाठी मोजतो, हे आधी सांगावे आणि आकडा पाहून ठपका ठेवण्यापूर्वी माणसाला विचारावे.

मी मुलाला समोर बसवून सांगितले. विंडोजमधली कुटुंबासाठीची सोय त्याच्यादेखत सुरू केली. आठवड्याचा अहवाल रविवारी आम्ही दोघे मिळून पाहतो. पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "आई, आता तुझा फोन दाखव." दाखवला. रोजचे तीन तास, त्यातले निम्मे व्हॉट्सअ‍ॅपवर! मान खाली गेली.

प्रतिक्रमण आपण स्वतःच्या दोषांचे करतो, शेजारणीच्या नाही. घरातला हा हिशेबही आधी आपल्यापासूनच सुरू करूया.

तुमच्या घरी काय करता? नक्की कळवा.