डाव कोणी लिहावा?

काही वर्षांपूर्वी सौंसरकडच्या एका शालेय बुद्धिबळ स्पर्धेला मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. पांढुर्ण्याहून आलेली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी दोन प्याद्यांनी मागे पडली होती. परंतु तिचा वजीर प्रतिस्पर्ध्याच्या राजाला शहामागून शह देत होता आणि राजाला फिरायला दोनच घरे होती. तिने हात वर केला आणि पंचांना सांगितले की, हीच स्थिती तिसऱ्यांदा आली आहे, डाव बरोबरीत सुटला पाहिजे. समोरचा मुलगा म्हणाला, ‘‘दोनदाच आली.’’ पंचांनी विचारले, ‘‘बेटा, लिहिलंयस का?’’ तिने लिहिले नव्हते. कोणीच लिहिले नव्हते. ‘‘मग खेळा पुढे,’’ असे म्हणून पंच तेथेच उभे राहिले. तेच शह तिने पुन्हा दिले असते तर या वेळी साक्षीदार होता; परंतु घड्याळात मिनिटभर उरलेले आणि आपल्याला खोटे ठरवले गेले ही सल मनात. तिने वजीर भलत्याच घरात नेला आणि डाव गेला.

पंचांना मी दोष देत नाही. डाव जलदगतीचा होता आणि जलदगती बुद्धिबळात खेळ्या लिहिण्याची सक्ती नसते. मात्र आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमावलीत याच कलमाला जोडून पुढे म्हटले आहे की, न लिहिणाऱ्या खेळाडूचाही नोंदीवर आधारलेले दावे करण्याचा हक्क जात नाही आणि तो डावात केव्हाही पंचांकडे स्कोअरशीट मागू शकतो. शहांची माळ सुरू होताच त्या मुलीने कागद मागितला असता तर डाव वाचला असता. तो मागता येतो हे तिला ठाऊक नव्हते. सभागृहात किती जणांना ठाऊक होते, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही, याची मला आजही खंत वाटते.

ही हकिकत सांगितली की ऐकणारे बहुधा एकच उपाय सुचवतात : इलेक्ट्रॉनिक पट आणा, म्हणजे मुलांना लिहायलाच नको. सोंगटी उचलली, ठेवली, की पट आपोआप खेळी टिपून घेतो. युक्तिवाद मोठा रुबाबदार आहे. पण आमच्याकडच्या स्पर्धा गुंडाळून आणलेल्या प्लास्टिकच्या पटांवर होतात. मोठमोठ्या स्पर्धांतही असे पट बहुधा वरच्या काही टेबलांवरच असतात. शिवाय तो पट टिपतो काय? डाव संपल्यावर निकाल कळवण्यासाठी दोन्ही राजे पटाच्या मध्यावर ठेवण्याची पद्धत आहे. नोंद वेळीच थांबवली नाही तर यंत्र त्या राजांच्या उड्याही खेळी म्हणून लिहून टाकते. नामवंतांच्या डावांच्या संग्रहांत शेवटी अशा हास्यास्पद खेळ्या सापडतात, त्या यामुळेच. सोंगटी हलली एवढेच यंत्राला कळते. खेळली की नुसती सरकली, हे ठरवायला अजून माणूस आणि त्याचा कागद लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : लिहिण्यात विचाराचा वेळ जातो. हे खरे आहे, आणि येथेच यंत्राच्या कैवाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. काट्यांच्या घड्याळाच्या काळात अखेरच्या पाच मिनिटांत लिहिण्यातून सूट द्यावी लागे, कारण लिहिणारा वेळेने मारला जाई. पुढे प्रत्येक खेळीगणिक काही सेकंद वाढवून देणारे घड्याळ आले. बॉबी फिशरने त्याचे पेटंट घेतले ते १९८९ मध्ये. आज नियम असा आहे की, दर खेळीला तीस सेकंद किंवा अधिक मिळत असतील तर शेवटच्या मिनिटातही लिहिलेच पाहिजे. म्हणजे यंत्राने येथे हाताला हुसकावले नाही. उलट त्याला लिहायला सवड मिळवून दिली. यंत्र आणि हात यांची वाटणी कशी असावी, याचा याहून चांगला नमुना मला तरी दिसलेला नाही.

हाताने लिहिण्याभोवती मी सोवळे उभारतो आहे, असे कोणी समजू नये. अलेक्झांडर कोतोवसारखे सोव्हिएत गुरू ‘आधी खेळी लिहा, मग खेळा’ असे शिकवत. फिडेने २००५ पासून त्याला मनाई केली, कारण कागद हा विचाराची टिपणवही होऊ नये. ज्याला लिहिता येत नाही त्याला मदतनीस देण्याची तरतूद नियमांत आहे, आणि दृष्टिहीन खेळाडूला ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रणाने नोंद ठेवता येते. माझे म्हणणे इतकेच, की नोंद खेळाडूची असावी आणि ती डाव चालू असतानाच व्हावी.

आमच्या भागात याला विशेष धार आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला, तेव्हापासून पांढुर्ण्याच्या पालकांनाही या खेळाचे वेड लागले आहे. पण एका दिवसात उरकाव्या लागणाऱ्या स्पर्धा जलदगतीच्याच असतात, आणि उरलेला खेळ मोबाईलवर होतो. तेथे खेळ्या आपोआप उमटतात, इंजिन चुका तांबड्या रंगात दाखवते, आणि मूल पुढच्या डावाकडे वळते. हेच मूल नागपूरला किंवा भोपाळला दीर्घ डाव खेळायला बसले की चौदाव्या खेळीला स्कोअरशीटच्या चुकीच्या रकान्यात लिहिते, मग खाडाखोड करते आणि पटावरून लक्ष उडवून बसते. शंभर डाव खेळून त्यातला एकही त्याला सांगता येत नाही.

आणि लिहायचे तरी कोणत्या अक्षरांत? नियमावलीच्या परिशिष्टात मोहऱ्यांसाठी आपापल्या देशात रूढ असलेल्या नावाचे आद्याक्षर वापरण्याची मुभा आहे. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा : र, व, ह, उ, घ. एकही अक्षर दुसऱ्यावर आदळत नाही. इंग्रजीत मात्र राजा आणि घोडा एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून घोड्याला दुसरे अक्षर उसने द्यावे लागले. हिंदी माध्यमात शिकणाऱ्या आमच्या मुलांनाही हीच पाच अक्षरे जवळपास तशीच चालतील. तरीही आम्ही त्यांना परक्या अक्षरांची धास्ती घालतो आणि मग म्हणतो, लिहिणे अवघड आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूशी शेकडो डाव खेळला. महेशचंद्रांचे डाव आज उपलब्ध आहेत ते कॉक्रेनने लिहून ठेवले म्हणून. त्यांनी ज्या पद्धतीने बचाव केला तिला जग आज भारतीय बचाव म्हणते. पण त्याच काळात आपल्या वाड्यांच्या ओसऱ्यांवर आणि देवळांच्या पारांवर जे खेळले गेले, त्यातले किती उरले? तेथे कॉक्रेन नव्हता, आणि खेळणाऱ्यांनी लेखणी उचलली नाही.

म्हणून आयोजकांना माझी विनंती लहानशीच आहे. जलदगती स्पर्धेत लिहिण्याची सक्ती करू नका. ती मुलांवर अन्याय ठरेल. परंतु प्रत्येक पटाशेजारी एक कोरा कागद आणि एक पेन्सिल ठेवा, आणि पहिल्या फेरीआधी मोठ्याने सांगा की तो कागद केव्हाही ओढून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. वर्षातून एखादी तरी स्पर्धा दोन रविवार चालू द्या, दर खेळीला तीस सेकंद देऊन. घरी गेल्यावर मुलाने आपला कागद समोर ठेवून, कोठे चुकलो असे त्याला वाटते तेथे स्वतःच्या हाताने खूण करावी. इंजिन त्यानंतर उघडावे. दोघांच्या खुणा जुळतात का, हे पाहायला मग आई-बाबांनीही शेजारी बसायला हरकत नाही.