शरदाची चाहूल : पुस्तकातली आणि दारातली

दहावीच्या वर्षी 'माझा आवडता ऋतू' या विषयावर मी निबंध लिहिला होता. ऋतू अर्थातच शरद. निरभ्र आकाश, सरोवरात उमललेली कमळे, राजहंसांच्या रांगा, वाऱ्यावर डुलणारे काशाचे तुरे, कोजागिरीचे दुधाळ चांदणे. निबंधाच्या पुस्तकात जे जे होते ते सर्व मी वहीत उतरवले आणि दहापैकी नऊ गुण मिळवले. घरी येऊन मोठ्या अभिमानाने तो निबंध आजीला वाचून दाखवला. आजी निरक्षर, पण तिने हातातले काम बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "चांगला लिवलास गो. पन यात भात कुठं हाय?"

मला उत्तर देता आले नाही. राजहंस मी कधी पाहिलेला नव्हता. भात मात्र जन्मापासून पाहत आले होते, मामाच्या शेतावर आणि रोज ताटात. जे पाहिले नाही त्याचे वर्णन करून मी गुण मिळवले होते आणि जे पाहिले होते ते निबंधात घालायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे आजीचा तो प्रश्न आज द्वितीय वर्षाला आल्यावरही माझी पाठ सोडत नाही. ऋतूची चाहूल ओळखणे हे एक ज्ञान आहे, ते आपल्यापैकी अनेकांच्या घरात अजून आहे, आणि ते घरातून जाण्यापूर्वी आपण कागदावर उतरवून घेतले पाहिजे, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे.

इंग्रजीच्या तासाला 'ऑटम' हा शब्द आला की त्याचा अर्थ कधी 'शरद' तर कधी 'पानगळ' असा सांगितला जातो. दोन्ही अर्थ आपल्या दारात आणून पाहिले तर नीट बसत नाहीत. जॉन कीट्सने आपली प्रसिद्ध शरद-कविता १९ सप्टेंबर १८१९ रोजी विंचेस्टर येथे लिहिली. फिरायला गेला असता कापणी होऊन गेलेली शेते, उरलेली धसकटे त्याला दिसली व त्यातून ती कविता सुचली. त्याच तारखेला आपल्याकडे काय असते? भात नुकते निसवलेले असते, दाण्यात दूध भरत असते. त्याच्याकडे कापणी उरकली, आपल्याकडे दाणाही तयार नाही! पानगळीचे म्हणाल तर आपली झाडे शरदात पाने टाकतच नाहीत. सागाची पाने पडतात ती माघ-फाल्गुनात, जमिनीतला ओलावा सरू लागल्यावर. थंडीपेक्षा कोरड्या हवेत पाणी वाचवण्यासाठी. म्हणजे तिकडची पानगळ आणि आपला शरद या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. कीट्सचा यात काहीच दोष नाही. त्याने आपल्या डोळ्यांसमोरचे लिहिले. आपण मात्र त्याच्या डोळ्यांनी आपले रान पाहायला निघालो.

मग आमच्या रोडपालीत शरदाची चाहूल लागते तरी कशाने? यंदा मी ठरवून आजीजवळ बसले आणि तिला विचारत गेले. तिने पहिली सांगितली ती वाऱ्याची खूण. आषाढ-श्रावणात वारा खाडीकडून, पश्चिमेकडून येतो. भाद्रपद अर्धा सरला की एखाद्या पहाटे तो पडतो, आणि मग पूर्वेकडून, डोंगराकडून एक बारीकशी झुळूक येते. आजी दारात उभी राहून म्हणते, "वारा फिरला गो." तिच्या लेखी ऋतू त्या दिवशी बदलतो.

दुसरी खूण गडगडाटाची. भर पावसाळ्यात दिवसचे दिवस पाऊस कोसळतो पण वीज फारशी चमकत नाही. पाऊस परतीला लागला की सकाळ कोरडी, दुपारी ऊन चटका देणारे आणि संध्याकाळी माथेरान-प्रबळगडाच्या बाजूला काळे ढग उभे राहून गडगडू लागतात. एरवी आकाशात कापसाचे पुंजके. पावसाने हवा धुऊन निघाल्यामुळे याच दिवसांत प्रबळगड इतका स्पष्ट दिसतो, की हात लांब करावा आणि शिवावे.

तिसरी खूण रात्रीची. ज्येष्ठापासून ओरडणारे बेडूक गप्प होतात आणि त्यांची जागा रातकिडे घेतात. चौथी गवताची. हिरव्या गवतावर तांबूस झाक येते व त्याची कुसळे कपड्यांना चिकटू लागतात. आमच्या वसाहतीतल्या मोकळ्या भूखंडावरून मी स्टॉपकडे येते तेव्हा सलवारीला चिकटलेली कुसळे वर्गात बसून काढते. शरदाची ही नोंद कोणत्याच पुस्तकात मला आढळली नाही! पाचवी तेरड्याची. गौरीला आम्ही तेरडा आणतो. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आपण माणसांना लावतो. पण तो रंग उतरतो आणि बोंडे हात लावताच फुटू लागतात, तेव्हा पावसाचेही थोडेच दिवस राहिलेले असतात.

याशिवाय मैदानावर घिरट्या घालणारे चतुर आहेत. लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचो. आज त्याची लाज वाटते. मालदीवमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या संशोधकाने २००९ साली असे मांडले, की यांतल्या एका जातीचे चतुर ऑक्टोबरच्या सुमारास भारताकडून निघून मालदीवमार्गे थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतात. बोटभर लांबीचा जीव, आणि वाटेत हजारो किलोमीटर पाणी! याच सुमारास उत्तरेकडून धोबी पक्षी येतो व शेपटी वरखाली हलवत मैदानात चालू लागतो. एक पाहुणा निघतो, दुसरा येतो. दोघांनाही कॅलेंडर लागत नाही.

या सर्व खुणा शोभेसाठी नव्हत्या, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. भात निसवण्याच्या वेळी जोराचा पाऊस लागून राहिला तर परागकण धुऊन जातात आणि दाणे पोकळ राहतात. उलट याच दिवसांत पावसाने ओढ दिली तर आपल्या खारजमिनीत खालचा क्षार वर येतो आणि उभे पीक करपते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' अशा भाताच्या जाती खाऱ्या जमिनीसाठी काढल्या, त्या याच अडचणीपोटी. तेव्हा भाद्रपदात आकाशाकडे पाहणारी आमची माणसे सौंदर्य न्याहाळत नव्हती. वर्षाचे पोट भरेल की नाही याचा हिशेब करत होती. आणि म्हणूनच अश्विनी पौर्णिमेला कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधून नवान्न पौर्णिमा साजरी होते. शहरात जिला कोजागिरी म्हणून मसाला दूध पितात, तीच ही पौर्णिमा.

रोडपालीत आता दाराला बांधायच्या लोंब्या बाजारातून आणाव्या लागतात. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर उभे राहिले. आमच्या घरचे शेतही त्या बदलात गेले. त्या इतिहासाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यावर मत देण्याइतका माझा अभ्यास नाही. मला दिसते ते एवढेच, की शेत गेले पण आजीचे वाऱ्याकडे पाहणे गेले नाही. जिच्या मालकीचे एक खाचर उरलेले नाही ती बाई आजही पहाटे दारात येऊन वारा कुठून येतो ते पाहते.

येथे कोणी म्हणेल, हवामान खात्याचा अंदाज आता प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो. मग आजीबाईच्या वाऱ्याचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप मीही स्वतःशी घेतला होता. म्हणून पाऊस परत फिरल्याचे हवामान खाते कसे ठरवते ते मी वाचून काढले. सप्टेंबर लागल्यावर वायव्य भारतात सलग पाच दिवस पाऊस नसणे, हवेच्या खालच्या थरात वाऱ्याची उलटी फिरत स्थापन होणे आणि हवेतील बाष्प बरेच घटणे, या तीन मुख्य कसोट्या. वाचून मी चकित झाले. पाऊस थांबला का, वारा फिरला का, हवा कोरडी झाली का, हेच तीन प्रश्न आजी दारात उभी राहून विचारते! खात्याजवळ उपग्रह आहेत, फुगे आहेत, आणि त्याचा अंदाज आजीच्या अंदाजाहून कितीतरी दूरचे पाहतो, हे खरेच. पण दोघांची पाहण्याची दिशा एकच आहे. फरक एका गोष्टीत आहे : खाते लिहून ठेवते.

त्या लिहून ठेवण्याचे मोल २०२० साली दिसले. अनेक वर्षांच्या नोंदी तपासून हवामान खात्याने पावसाच्या येण्याजाण्याच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती ती ८ ऑक्टोबर झाली. वायव्य राजस्थानातून परतीचा प्रवास सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. म्हणजे शरद स्वतःच उशिरा येऊ लागला आहे. हे कळले ते नोंदी होत्या म्हणून.

आमच्या घरात हा बदल फार वेगळ्या रीतीने कळला. २०१९ साली मी तेरा वर्षांची होते. त्या वर्षी पाऊस हटत नव्हता. वायव्येकडून त्याचे परतणे ९ ऑक्टोबरला सुरू झाले, तेव्हापर्यंतच्या नोंदींतली ती सर्वांत उशिराची तारीख. पेणकडे मामाचे भात पिवळे होऊन उभे होते. वारा फिरला, आजीने निरोप पाठवला, "आता कापाया घ्या." मामाने कापणी केली, पेंढ्या शेतात वाळत टाकल्या. आणि ऐन दिवाळीत अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ उठले. वादळ किनाऱ्यावर न येता ओमानच्या दिशेने गेले, पण पाऊस आमच्यावर टाकून गेले. कापलेल्या भाताच्या लोंब्यांना शेतातच कोंब फुटले. मामा एक शब्द बोलला नाही. पण त्या दिवसापासून आजी वारा पाहते आणि सांगत नाही. विचारले तर म्हणते, "आता माझा काय खरा नाय."

आज मला वाटते, तिचा अंदाज चुकला नव्हता. पावसाळा खरोखरच परतला होता. पुढे आलेले वादळ तिच्या खुणांच्या पलीकडचे होते. ते तिला सांगायला त्या वेळी घरात शिकलेले कोणी नव्हते. आता मी आहे. यंदा मी तिला हे सारे समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मंजे वारा फिरला होता ना?" मी म्हटले, "फिरला होता आजी." एवढ्यासाठी तरी मी शिकले याचे मला त्या दिवशी समाधान वाटले.

मित्रहो, आपल्या महाविद्यालयात माझ्यासारख्या घरांतून आलेले पुष्कळजण आहेत. आगरी, कोळी, कुणबी, आदिवासी वाड्यांतली आपली आजी-आजोबा मंडळी या खुणा जाणतात, आणि ती मंडळी आता थकत चालली आहेत. जपानमध्ये क्योटोच्या चेरी फुलांच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात आणि आज हवामानाचे अभ्यासक त्या आदराने वापरतात. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी महिन्यामहिन्याने निसर्ग पाहून लिहिले, निबंधाच्या पुस्तकातून उतरवला नाही. एवढे मोठे काम आपल्या हातून होईल असे मी म्हणत नाही. परंतु ग्रंथालयाच्या दाराशी एक साधी जाड वही ठेवता येईल. पहिला चतुर कोणी कधी पाहिला, बेडूक कोणत्या रात्री गप्प झाले, पहिले दव कधी पडले, कोणाच्या गावात हळवे भात कधी कापले. तारीख, गावाचे नाव आणि एक ओळ. भूगोलाच्या प्राध्यापकांनी वर्षअखेर ती पाहावी, मराठीच्या प्राध्यापकांनी त्यातले शब्द पाहावेत. पोटरी, निसवणे, हळवे, गरवे हे शब्द आमच्या पिढीला आताच परके होऊ लागले आहेत. दहा वर्षांनी ती वही काय सांगेल ते आज ठाऊक नाही. पण ती नसेल तर काहीच सांगणार नाही.

आणि मराठीच्या प्राध्यापकांना एक नम्र विनंती. पुढच्या वेळी शरद ऋतूवर निबंध द्याल तेव्हा राजहंसाचे गुण कापावेत!

वहीतली पहिली नोंद मी येथेच करून ठेवते. गाव रोडपाली. भाद्रपद वद्य पक्ष. पहाटे तलावाचे पाणी स्थिर, पूर्वेकडून वारा. आजीने पाहिला, आणि बऱ्याच वर्षांनी बोलून दाखवला.

— द्वितीय वर्ष, कला