मताचा हक्क आणि नोंदवहीचा कारकून



दीक्षेनंतर आपल्यातील पुष्कळांच्या मनात एक समाधान घर करून बसते. बाबासाहेबांनी घटनेत आपले हक्क नमूद केले आहेत, आता ते कोण हिरावून घेणार? आम्हांस हे समाधान धोक्याचे वाटते. का, ते सांगण्यासाठी आपणांस अमेरिकेत न्यावे लागेल. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात जेथे शिकले, तोच हा देश.

त्या देशाची घटना १७८७ साली लिहिली गेली. तीत 'गुलाम' हा शब्द कोठेही नव्हता; मात्र प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम तीन माणसांइतके मोजावेत, अशी तरतूद होती! यादवी युद्धानंतर १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली. (जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला, तो याच कार्याबद्दल.) १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व दिले आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. कागदावर आणखी काय हवे होते?

परंतु मतदारांची नोंद करण्याचे काम राज्यांच्या हाती राहिले आणि तेथेच घात झाला. काळ्या माणसास मत नाही, असे दक्षिणेतील राज्यांनी कोठेही लिहिले नाही. आधी कर भरा, वाचून दाखवा, घटनेतील कलमाचा अर्थ सांगा, एवढेच ती म्हणाली. अर्थ बरोबर की चूक, हे ठरविणार कोण? टेबलापलीकडे बसलेला गोरा कारकून! लुइझियाना राज्याने १८९८ साली तर कमालच केली. ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ रोजी वा त्यापूर्वी मतदार होता, त्यास परीक्षा माफ. त्या दिवशी कोणाचा आजा मतदार होता आणि कोणाचा नुकताच बेडीतून सुटला होता, हे सांगावयास नको. आज्यावरून नातवाची लायकी ठरविण्याची ही युक्ती आपल्या चांगल्याच ओळखीची आहे. त्या राज्यात १८९६ साली १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय मतदार होते. १९०४ साली उरले १,३४२. पंधरावी दुरुस्ती या सर्व काळात घटनेत जशीच्या तशी होती.

पुढे नोंदणीसाठी कचेऱ्यांसमोर रांगा लावणाऱ्यांनी नोकऱ्या गमावल्या. ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथे मोर्चेकऱ्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. तेव्हा कोठे ६ ऑगस्ट १९६५ चा मताधिकार कायदा झाला आणि नोंदणीवर केंद्राची देखरेख आली. मिसिसिपी राज्यात १९६४ साली शंभरांत सात कृष्णवर्णीयांचीही नोंद नव्हती. १९६७ पर्यंत ती साठांच्या घरात गेली. २०१३ साली मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील एक कलम रद्द केले आणि राज्यांवरील मोठा पहारा उठला.

आपल्या घटनेच्या मसुद्यात राज्यांच्या निवडणुकांसाठी निराळे आयोग सुचविलेले होते. काही प्रांतांत परक्या वंशाच्या वा भाषेच्या लोकांना याद्यांतून वगळले जात असल्याचे बाबासाहेबांनी १५ जून १९४९ रोजी घटना समितीस सांगितले आणि सर्व देशासाठी एकच निवडणूक आयोग ठेवविला. वहीवरचा कारकून त्यांनी नेमका हेरला होता.

तरीही यादीत नाव यावयाचे तर अर्ज आपणच भरावयाचा असतो. आपल्या घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचे नाव चढले आहे काय? मुंबईस गेलेल्या भावाचे नाव गावी कापले गेले आणि शहरात आलेच नाही, असे तर नाही ना? यादी प्रसिद्ध झाली, की ती विहारात आणून मोठ्याने वाचावयास अडचण कोणती?