अंगठ्या मोजणाऱ्यांनो

बास्केटबॉलचे पंडित म्हणतात, मायकेल जॉर्डनच्या सहा अंगठ्या, म्हणून तो थोर. मग बिल रसेलच्या १३ हंगामांतल्या ११ कुठं ठेवता? १९६२ साली चेंबरलेननं एका सामन्यात १०० गुण ठोकले. आयुष्यात अजिंक्यपदं दोनच. रसेल समोरच्याचा फेकलेला चेंडू अडवायचा, बाहेर भिरकावायचा नाय, आपल्या गड्याच्या हाती पडेल असा वळवायचा. गोदीत आमचं तेच. एकट्या पाठीनं जहाज रिकामं होत नसतं, गँग लागते.

अन् १९६१ साली लेक्सिंग्टनच्या हॉटेलात काळ्या खेळाडूंना खाणं नाकारलं, तेव्हा रसेल अन् त्याचे काळे साथीदार न खेळताच गाव सोडून गेले. त्या सामन्याची अंगठी कुणी घडवली नाय. माझ्या हिशेबात तोच पहिला विजय.