चल ब्रुनो, निफाडला!

शनिवार सकाळ. नाशिकहून निफाड म्हणजे जेमतेम ४० किलोमीटर. आई-बाबा वाट बघतायत, बॅग डिकीत पडलीय आणि आमचे ब्रुनोसाहेब पार्किंगमध्ये चारही पाय रोवून उभे! लाळ गळतेय, शेपटी पोटाखाली.

त्याचं तरी काय चुकलं? आजवर तो गाडीत बसला तो फक्त डॉक्टरकडे जायला. गाडी म्हणजे इंजेक्शन, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. आत कोंबलंत तर आणखी पक्कं होईल.

म्हणून सुरुवात बंद गाडीपासून. दारं उघडी ठेवा. त्यानं नुसतं जवळ येऊन हुंगलं तरी उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग सीटवर जेवण. मग इंजिन चालू, पण गाडी जागेवरच. मग सोसायटीच्या गेटपर्यंत. घाबरला की एक पायरी मागे. यात काही आठवडे सहज जातात. ऑफिसातल्या डेडलाइन्स इथे चालत नाहीत, बॉस!

काही पिल्लांना मात्र चक्क गाडी लागते. निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका. तरी उलट्या झाल्या तर औषध व्हेटला विचारूनच. आणि प्रवासात हार्नेस हवाच.

निफाडला पोचल्यावर शाबासकी म्हणून मळ्यातलं द्राक्ष? अजिबात नाही! द्राक्षं, बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. २०२१ मध्ये संशोधकांनी त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशय घेतला. किती खाल्ल्यावर बाधतील, याचा नेम नाही. तेव्हा मळ्यात पट्टा हातातच ठेवा. गिळलंच एखादं, तर लक्षणांची वाट न बघता व्हेटला फोन लावा.