चाळिशीचा हप्ता

आपल्याकडे चाळिशी लागते ती डोळ्यांना. जपानमध्ये ती पगाराच्या स्लिपलाही लागते! चाळीस वर्षं पूर्ण झाली की 'काइगो होकेन' नावाची कपात सुरू. म्हणजे म्हातारपणातल्या देखभालीचा सरकारी विमा. १ एप्रिल २००० पासून तो चालू आहे आणि 'विचार करून सांगतो' ही सोय त्यात नाही. निम्मा खर्च या हप्त्यांतून, निम्मा करांतून.

समजा, एखाद्या आजींना आता एकटीनं अंघोळ जमत नाही. घरच्यांनी नगरपालिकेत अर्ज करायचा. मग तपासनीस घरी येतो आणि ७४ मुद्द्यांवर पाहणी करतो. कूस बदलता येते का, नखं कोण कापतं, जन्मतारीख सांगता येते का, असं सगळं. गंमत इथेच होते. एरवी उठता-बसता कण्हणारी मंडळी परक्या माणसासमोर एकदम ताठ! "माझं मी सगळं करते की!" म्हणून पाहणीच्या वेळी घरच्यांनी हजर राहावं, असा सल्ला तिथे सर्रास देतात. (आमचे आजोबाही डॉक्टर दिसले की ठणठणीत व्हायचे. हा आजार जागतिक दिसतोय.)

पुढे डॉक्टरांचा अभिप्राय, मग समिती, मग सातपैकी एक श्रेणी. श्रेणीनुसार महिन्याची मर्यादा ठरते आणि 'केअर मॅनेजर' आठवड्याचं टाइमटेबल बनवून देतो. मंगळवारी-शुक्रवारी डे सर्व्हिस: सकाळी दाराशी गाडी, तिकडेच अंघोळ, जेवण, व्यायाम, संध्याकाळी घरी. बाकीच्या दिवशी मदतनीस घरी येणार. कॉट, व्हीलचेअर भाड्यानं. घरच्यांना गावाला जायचंय? आजी चार दिवस शॉर्ट स्टेला. बिलाचे १० टक्के आपले. उत्पन्न जास्त असेल तर २० किंवा ३०.

पण मला खरी आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. हा विमा घरच्यांच्या हातात रोख पैसे देत नाही. जर्मनीत १९९५ पासून अशीच योजना आहे, तिथे रोख रकमेचा पर्याय मिळतो. जपानमध्येही त्यावर वाद झाला. विरोधात उभ्या राहिल्या त्या महिला संघटना. पैसे घरात आले की सगळे म्हणणार, सून आहेच की! मग ती बिचारी नोकरी सोडून उशाशी. त्यापेक्षा माणूस पाठवा, गाडी पाठवा. सून कुठलीही असो, हे तिला समजावून सांगावं लागणार नाही.

सगळं गोडगोड नाही. पासष्टीच्या वरच्यांचा सरासरी मासिक हप्ता २००० साली २,९११ येन होता, तो २०२४ पासून ६,२२५ झालाय. काम करायला माणसं मिळत नाहीत. सरकारी मदतीच्या नर्सिंग होममध्ये २०१५ पासून बहुतेक 'देखभाल ३' किंवा त्यावरच्या श्रेणीतल्यांनाच जागा.

आणि आपण? २००७ चा कायदा सांगतो, आई-वडिलांना मुलांनी सांभाळावं. २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, पण ते हॉस्पिटलमधले. डिस्चार्ज मिळाला की ब्युरोला फोन लावायचा, पैसे पूर्ण आपले. पलीकडून विचारतात, "बाई दिवसाची हवी की रात्रीची?" दोन्ही बहुतेकांना परवडत नाहीत. उरलेली पाळी कोण करणार, याची चर्चा मी तरी अजून कुठल्या घरात ऐकलेली नाही.