साधन गुरुजींच्या हाती की गुरुजी साधनाच्या हाती?

नागपूरहून वर्ध्याकडे येताना सेलू तालुक्यात केळझर लागते. हीच महाभारतातील एकचक्रा नगरी, येथेच भीमाने बकासुराचा वध केला, अशी या परिसराची श्रद्धा आहे. येथील सिद्धिविनायकाच्या दर्शनासाठी विदर्भभरातून भाविक येतात. अशा गावातील मुलाला भाषा, इतिहास आणि भूगोल शिकविण्याचे पहिले साधन गावातच असते. वर्गात आलेला संगणक, भिंतीवरचा पडदा आणि शिक्षकाच्या खिशातील भ्रमणध्वनी त्या साधनाला जोड देतात की त्यालाच झाकून टाकतात, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर वर्ध्यानेच पूर्वी देऊन ठेवले आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली. शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि ते मुलाच्या परिसराशी जुळणाऱ्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफले जावे, असे तेथे ठरले. पुढे त्या विचाराचे काय झाले, हे सर्वज्ञात आहे. परंतु कसोटी आजही खणखणीत आहे. टकळीला लावली तीच संगणकालाही लावता येते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरच्या त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटून दिली. त्यांनी केले काय, तर पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटविला. भ्रमणध्वनी त्यासमोर धरताच कविता ऐकू येऊ लागली, धडा दिसू लागला. येथे पुस्तक हद्दपार झाले नाही, उलट बोलके झाले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या 'दीक्षा' मंचानेही हीच वाट धरली. तेथील पाठ एकदा उतरवून घेतले की महाजालाची जोडणी नसतानाही दाखविता येतात. ज्या गावात 'रेंज' शोधत फिरावे लागते, तेथे या सोयीचे मोल शहरी मंडळींना कळणार नाही.

'प्लिकर्स' नावाचे एक साधन तर गरीब शाळेसाठीच घडविल्यासारखे आहे. प्रत्येक मुलाच्या हाती निरनिराळ्या आकृतीचा एक कागद असतो. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कागद धरायचा आणि शिक्षकाने वर्गावरून भ्रमणध्वनीचा कॅमेरा फिरवायचा. कोणाला कळले आणि कोणाला नाही, हे लगेच कळते. मागच्या बाकावरचे लाजाळू मूलही त्यातून सुटत नाही. संपूर्ण वर्गात यंत्र एकच, तेही गुरुजींचे!

आकाशदर्शनासाठी 'स्टेलॅरियम' विनामूल्य आहे. त्यात पाश्चात्त्य तारकासमूहांबरोबर भारतीय नक्षत्रेही पाहता येतात. इस्रोचे 'भुवन' संकेतस्थळ उघडले, तर केळझरच्या मुलाला उपग्रहाच्या नजरेतून आपले गाव, कपाशीची शेते आणि आपल्याच तालुक्यातील बोर धरण दिसेल. मराठी विश्वकोश महाजालावर मुक्त आहे. त्याचा वर्गात किती उपयोग होतो, हे शिक्षकांनी स्वतःलाच विचारावे. याहून सोपे साधन म्हणजे भ्रमणध्वनीतील ध्वनिमुद्रण. आजीकडून बकासुराची गोष्ट तिच्या वऱ्हाडी बोलीत मुद्रित करून आणावी, वर्गात ऐकवावी, मग मुलांनी ती प्रमाण मराठीत लिहावी. भाषेचा याहून चांगला तास कोणती कंपनी विकत देऊ शकेल?

विकणाऱ्यांची मात्र उणीव नाही. शिक्षणातील तंत्रज्ञानाच्या उपयुक्ततेचा निःपक्ष पुरावा तोकडा असून बराचसा पुरावा विक्रेत्यांकडूनच येतो, असा इशारा युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाने दिला. त्याच वर्षी स्वीडनसारख्या संपन्न देशाने छापील पुस्तकांसाठी निधी वाढविला. पडद्याचे सर्व सुख भोगलेला देश पुस्तकाकडे वळतो, तेव्हा आपण निविदा काढण्यापूर्वी क्षणभर थांबावयास हरकत नसावी. २०२० च्या टाळेबंदीत घरातला एकुलता भ्रमणध्वनी वडिलांसोबत कामावर जाई आणि मुलाची शाळा तेथेच संपे. त्या काळात सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' मालिकेने घरातल्याच वस्तूंतून शिकण्याचा जो मार्ग दाखविला, तो अनेक महागड्या अॅपना साधला नाही.

दुसरे संकट घरचेच आहे. जे यंत्र शिकविण्यासाठी, त्याच यंत्रावर शिक्षकाला विद्यार्थ्यांची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, छायाचित्रे आणि अहवाल भरावे लागतात. 'ताबडतोब पाठवा' असा निरोप तासाच्या मध्येच येतो आणि गुरुजी वर्गात असूनही कारकून होतात. नोंदींचे हे काम केंद्रशाळेत स्वतंत्र माणूस नेमून त्याच्याकडे सोपवावे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी एका शिक्षकाने आपल्या वर्गात जमलेला एक पाठ इतरांना प्रत्यक्ष करून दाखवावा. आणि नवे संगणक धाडण्यापूर्वी शाळेचे थकलेले वीजबिल कोण भरणार, ते जिल्हा परिषदेने लेखी कळवावे.